उकंडामामाचे भाचे

सत्तरीतला धिप्पाड माणूस आठ वर्षांच्या पोराच्या पायावर डोकं ठेवतो आणि ते पोरगं किंचाळून आईमागे लपतं. आमच्या उन्हाळी शिबिराचं उद्घाटन दरवर्षी हे असं होतं. आईबाप मोबाइलवर शूटिंग करतात. मी बाजूला पाण्याची कळशी घेऊन उभी असते आणि मनात म्हणते, बाई गं, निवृत्त झालीस ती याच्यासाठी का?

उकंडामामा म्हणजे शिबिराचे मालक, व्यवस्थापक आणि माझी कायमची डोकेदुखी. बीबी गावापासून थोडं आत त्यांची आमराई आहे. मे महिन्यात शहरातली पोरं तिथे आठवडाभर राहतात. हौदात डुंबतात, बाजेवर झोपतात आणि आल्या आल्या वायफाय विचारतात. मी शाळेतून निवृत्त झाले त्याच उन्हाळ्यात मामा घरी आले. "बाई, तुम्ही फक्त हजेरी घ्या," म्हणाले. फक्त हजेरी! तेव्हापासून दर मे महिन्यात माझी कंबर मोडते.

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. शंभर बामन जेवू घाला का एक भाचा, पुण्य सारखंच, असं म्हणतात. पण ते आपल्या बहिणीच्या पोरापुरतं. मामांनी त्याचा पार विस्तार करून टाकला. शिबिरात येणारं प्रत्येक पोरगं त्यांचा भाचा, प्रत्येक पोरगी भाची. "ज्याची माय बाई हाय, तो माहा भाचा," हा त्यांचा नियम. आता यातून कोण सुटणार?

एकदा मी फर्मान काढलं, जेवण झालं की ज्याने त्याने आपलं ताट घासायचं. शिस्त नको का पोरांना? मामा धावत आले. "काऊन बाई, मले नरकात धाडून राह्यल्या का? भाच्यानं उष्टं उचललं त मामाले पाप लागते!" पोरं काय, बेरकीच. दुसऱ्या दिवशी जालन्याचं एक कार्टं ताटापुढे तसंच बसून म्हणालं, "बाई, मी घासतो ओ, पण मामांना पाप लागेल." मग ढीगभर ताटं घासली कोणी? मी आणि स्वयंपाकाच्या शकीलाभाभींनी. राखेचे हात कपाळाला लावत भाभी म्हणाल्या, "अपन किसीके भांजे नहीं हुए बाई, येच गलती."

रागवायचीही चोरी. एका पोराने मामांचा चष्मा हौदात बुडवला. मी त्याचा कान धरणार तेवढ्यात मामा मध्ये पडले. "बुडू द्या बाई. पाह्यचं त सारं पाहून झालं." पुढे दोन दिवस ते बकरीला गोऱ्हा समजून हाका मारत होते.

यंदा माझे गुडघे बोलायला लागले. मी स्पष्टच सांगितलं, "मामा, हे शेवटचं. तुम्हालाही झेपत नाही, मलाही नाही. आता बंद करू." मामा एरवी शब्दाला शब्द लावणारे. पण खाली बघून म्हणाले, "एक साल थांबा. नंदाची पोरगी अजून आली नाही."

नंदा म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक बहिणीची मुलगी, खरीखुरी भाची. तिच्या लग्नात मामा रुसले. का? तर नवऱ्या मुलाच्या मामाला फेटा आधी बांधला. उठले आणि सरळ एसटीत बसले. इकडे मांडवात लाउडस्पीकर ओरडतोय, मुलीचे मामा, मुलीला घेऊन या, मुलीचे मामा! आणि मुलीचे मामा हिवरा आश्रमच्या फाट्यावर तोंड फुगवून भजी खातायत. शेवटी शेजारच्या एका काकांनी नंदाला मांडवात आणलं. बहीण पुन्हा बोलली नाही, तशीच अबोल्यात गेली. नंदाही फिरकली नाही.

"मग बोलवा ना तिला," मी म्हटलं.

"कोन्या तोंडानं बोलावू? शिबिर साऱ्यायच्या पोराइचं हाय. इथं पोरगी धाडली त मामाकडं धाडली असं होत नाही. तिचा मानही राह्यते. हे बंद झालं त तिले रस्ताच राह्यत नाही, बाई."

मला संताप आला. एवढी वर्षं ताटं घासली ती एका भाचीला रस्ता उघडा राहावा म्हणून! पण रागावून किती वेळ बसणार? शिबिराची जाहिरात मी मोबाइलवर सगळ्यांना पाठवतेच. यंदा नंदाचा नंबर शोधून तिलाही पाठवली. खाली लिहिलं, हे शेवटचं वर्ष. मामांना सांगितलं नाही. उत्तरही आलं नाही.

पोरं यायच्या दिवशी सगळ्यांत शेवटी एक गाडी आली आणि फाटकाच्या बाहेरच थांबली. पाठीला पिशवी लावलेली एक मुलगी एकटीच आत आली. मामांना खालपासून वरपर्यंत न्याहाळत तिने विचारलं, "आईच्या लग्नातून पळालेले मामा तुम्हीच का?"

मामांच्या तोंडचं पाणीच पळालं. "हाव बाई," ते म्हणाले. "मीच तो."

"आई गाडीत बसलीये. उतरणार नाही म्हणते."

मामा तसेच अनवाणी निघाले, तापलेल्या मातीतून. ऊन काय होतं! म्हातारा चक्कर येऊन पडेल म्हणून मी मागोमाग गेले. मामांनी गाडीचं दार उघडलं. नंदा समोरच्या काचेकडे बघत राहिली.

"नंदे, चुकलो मी," मामा म्हणाले. चूक कबूल करताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

नंदा मान न वळवता म्हणाली, "अंतरपाट धरला तरी मी दाराकडंच पाहून राह्यली होती, मामा. वाटलं, आता येतील. पळत येतील."

मामा मटकन खालीच बसले आणि लहान पोरासारखे रडू लागले. नंदा गाडीतून उतरली. मी मागे वळले आणि फाटकाशी जमलेल्या पोरांना हौदाकडे पिटाळलं.