बिनतक्रार दार

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या एका कारखान्यात तयार होणाऱ्या 'पेंडल' या जड बाँबर विमानाच्या पोटाला, विमान पेटल्यास उडी मारण्यासाठी, बावीस इंच रुंदीचे दार होते. ते आराखड्याबरहुकूम होते, म्हणजेच योग्य होते.

त्या दाराला रिवेट मारणाऱ्या नेली हॅलिवेलचा भाऊ वॉल्टर मात्र आराखड्याबरहुकूम नव्हता. लढाईपूर्वी तो बेकरीत पाव भाजायचा आणि उरलेले स्वतःच संपवायचा. आता तो पेंडलमध्ये मशीनगन चालवत होता. पॅराशूट बांधल्यावर तो तेवीस इंच भरे.

"साहेब, दोनच इंच वाढवा हो. आमचा वॉल्टर अडकेल," नेली फोरमन क्लेगना म्हणाली.

क्लेगनी चहात बिस्किट बुडवले. "अडकला तर लेखी कळवू दे. तक्रार वापरणाऱ्यानेच करायची असते, बाई. तू पडलीस बाहेरची."

तरी हवाई खात्याने दखल घेतली. मिस्टर पिम नावाचे अधिकारी जातीने आले आणि जमिनीवर उभ्या विमानाच्या त्या दारातून, डोक्यावर हॅट आणि बगलेत छत्री तशीच ठेवून, खाली उतरले. शेरा पडला : 'प्रशस्त.'

पहिल्या तीन महिन्यांत अकरा पेंडल परत आली नाहीत. दाराबद्दल तक्रारी : शून्य. कारखान्याला अभिनंदनाचे पत्र आले.

तेवढ्यात वॉल्टरचेच विमान शेपटीला भोके पडून दुरुस्तीला आले. नेलीने कुणाला न विचारता त्याचे दार कापून चोवीस इंचांचे केले.

पुढच्याच मोहिमेवरून परतताना ते इंग्लंडच्याच नॉरफोक परगण्यावर पेटले. सातही जणांनी उड्या मारल्या, सातही वाचले, आणि जिवंत माणसांच्या खोडीप्रमाणे सातांनीही तक्रारी केल्या. एकाचा बूट हरवला होता, एक डुकरांच्या कोंडवाड्यात उतरला होता. वॉल्टरने लिहिले, 'दाराला घासून कोट फाटला.'

"मेल्या, जीव वाचला ना?" नेली कडाडली.

"वाचला गं! पण कोट नवा होता!"

चौकशीला पुन्हा पिमच आले. "बावीस इंचांना तक्रार शून्य. चोवीस इंचांना सात. दोष कशात आहे, उघड आहे."

"अहो साहेब, ते जिवंत आहेत म्हणून तक्रार करताहेत!"

"मीही तेच म्हणतोय, बाई," पिम समजुतीच्या सुरात म्हणाले. "रुंदी दिली की माणसं बोलायला लागतात."

नेलीची बदली झाडलोटीवर झाली. खबरदारी म्हणून दार वीस इंचांचे ठरले आणि तसल्या दाराचे पहिले विमान अनुभवी म्हणून वॉल्टरच्या तुकडीला मिळाले.

त्या विमानातून कसलीही तक्रार आली नाही.

नाताळाच्या आधी वर्तमानपत्रात ठळक बातमी होती : 'नव्या पेंडल विमानाबद्दल एकही तक्रार नाही.' नाश्त्याच्या टेबलावर ती वाचून सगळ्या देशाला हायसे वाटले. तुम्हालाही वाटले असते. त्या बातमीत वॉल्टरचे नाव नव्हते.