हिरव्या दिव्याचा समारंभ

जे बिघडल्यावरही काम अडत नाही ते बिघडलेलंच नसतं, हे सुप्रशासनाचं मूलतत्त्व आहे. एका मोठ्या रुग्णालयाने हे तत्त्व थेट तळघरापर्यंत नेलं, त्याचा हा वृत्तांत.

तळघरात पाच डिस्कचं एक कपाट होतं. रुग्णांचे सगळे स्कॅन त्यात. ‘रेड’ नावाच्या या व्यवस्थेत एक डिस्क गेली तरी उरलेल्या चौघी तिचं काम ओढून नेतात. दुसरीही गेली की मात्र सगळं संपलं. (स्कॅनची जादा प्रतही काढलेली होती. शोधाशोध नको म्हणून ती त्याच कपाटात ठेवली होती.)

एके सकाळी तिसऱ्या डिस्कचा दिवा लाल झाला आणि कपाट कोकलू लागलं. ते सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाने नवी डिस्क मागितली, तेव्हा अधीक्षक स्वतः खाली आले.

“स्कॅन दिसतायत ना?”

“दिसतायत, साहेब. पण आता आणखी एक गेली तर...”

“गेलीय का?”

“नाही.”

“मग? वर पाच नर्सचं काम तिघी करतायत. तुझ्या डिस्कचे एवढे लाड कशाला?”

युक्तिवाद बिनतोड होता. बिघाडावर त्याच दिवशी तातडीची कारवाई झाली, म्हणजे भोंगा बंद करण्यात आला. तक्रारी शंभर टक्क्यांनी घटल्या. (तक्रार एकच होती, कपाटाची.)

एरवी तंत्रज्ञ मूग गिळून बसला असता. पण त्याच्या ताईच्या फुप्फुसावर एक डाग होता आणि तिचे जुने स्कॅन याच कपाटात होते. लवकरच नवा स्कॅन निघणार होता. डाग वाढला असेल तर छाती उघडायची, तेवढाच असेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. आणि जुनं चित्र शेजारी ठेवल्याशिवाय ते कळणार नव्हतं. ताईचे स्कॅन गुपचूप उतरवून घ्यावेत असं त्याच्या मनात आलं, पण नियमाप्रमाणे ती चोरी ठरली असती. (रुग्णाची माहिती सुरक्षित राहावी याबाबत रुग्णालय फार कडक होतं.)

त्याने अधीक्षकांचा पिच्छा पुरवला आणि शेवटी डिस्क आली. पण रुग्णालयात नवी वस्तू समारंभाशिवाय बसवायची पद्धत नव्हती. कपाटाला फीत बांधली गेली, खुर्च्या मांडल्या गेल्या, विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष आले.

“साहेब, एकदा बसवली की दोन दिवस कशालाच हात लावायचा नाही,” तंत्रज्ञाने सगळ्यांना बजावलं. “नवीला उरलेल्या चौघींकडून सगळं पहिल्यापासून लिहून घ्यायचं असतं.”

अध्यक्षांनी मेलेली काढून नवी बसवली. टाळ्या झाल्या. नवीचा दिवा पिवळा लुकलुकू लागला. फोटोग्राफरने कॅमेऱ्यात पाहून नाक मुरडलं.

“दिवा पिवळा येतोय. चांगला नाही दिसत. हिरवा चालेल का?”

अध्यक्षांना चालणार होतं. त्यांनी शेजारची हिरव्या दिव्याची डिस्क अर्धी बाहेर ओढली आणि प्रसन्न हसले.

“ती नको, साहेब,” म्हणत तंत्रज्ञ धावला.

“जरा बाजूला व्हा,” फोटोग्राफर म्हणाला. “सावली पडतेय.”

फोटो उत्तम आला. तंत्रज्ञाने डिस्क पुन्हा आत सरकवली, कंपनीची माणसं बोलावली, पुढे कित्येक दिवस त्या कपाटाशी झुंजला. एकही चित्र परत आलं नाही.

चौकशी मात्र निःपक्षपाती झाली. निष्कर्ष असा: दुरुस्ती नव्हती तोवर सर्व स्कॅन शाबूत होते, दुरुस्ती सुरू होताच ते गेले, सबब दुरुस्ती हेच नुकसानीचं कारण. दुरुस्तीचा आग्रह कोणी धरला होता हे सर्वांना ठाऊकच होतं. तंत्रज्ञाला मेमो मिळाला आणि चालू यंत्राची दुरुस्ती करण्यास मनाई झाली.

ताईचा नवा स्कॅन निघाला. सर्जनने तो एकटाच पडद्यावर लावला.

“वाढलाय का हो?” ताईने विचारलं.

“आता उघडूनच बघावं लागेल.”

बाहेर बाकावर बसल्यावर ती भावाला म्हणाली, “तू होतास ना रे तिथे?” त्याला शरमेने तिच्याकडे बघवेना.

वाचकहो, अधीक्षकांवर उगाच दात खाऊ नका. आपल्या आईला जिना चढताना धाप लागते, हे आपल्याला कधीपासून माहीत आहे? पण घरातलं सगळं वेळच्या वेळी होतंय ना, मग अजून काही बिघडलेलं नाही.