हाताला न लागणारा ओरखडा

शववाहिका दारात येऊन उभी राहिली तेव्हा कवळीवाले एका प्रेताच्या बरगड्या रंगवत होते.

प्रेत अंगठ्याएवढं होतं. तसली दीड-दोनशे घरात होती. टेबलावर, फडताळात आणि ज्या शोकेसमधून लग्नातल्या कपबशा केव्हाच हद्दपार झाल्या होत्या तिच्या तिन्ही कप्प्यांत. पुढे भालेवाले सांगाडे, मधे सडक्या घोड्यांवरचे सरदार आणि सर्वांत मागे अर्धा जबडा गळालेला राजा. अशी सैन्यं टेबलावर मांडून, फासे टाकून लढायचा एक खेळ असतो. त्याला अर्थातच समोर दुसरं सैन्य लागतं. ते बाळगणारा परिसरातला एकमेव माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा औषधवाला, आणि तो दुकान विकून मुलीकडे राहायला गेला होता. तेव्हापासून इकडचं सैन्य सज्ज होतं, पण शत्रू मिळत नव्हता. मित्र नसलेल्या माणसाबद्दल चारचौघं हळहळतात. शत्रू नसलेल्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

पोटापाण्यासाठी ते दातांच्या दवाखान्यांना कवळ्या करून देत. नवीकोरी वस्तू खोटी वाटते, हा त्यांचा सिद्धांत. म्हणून त्यांच्या हातून सुटणारी कवळी दातांच्या मुळाशी चहाचा पुसट डाग घेऊनच जन्माला येई. सांगाड्यांचंही तेच. खाचेत काळोख भरायचा, कडेवर उजेड ओढायचा, वर थोडा गंज. मग बोटभर प्लॅस्टिकलाही मरण आल्यासारखं वाटतं.

"अहो, दारात बघा कोण आलंय," स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

"जावईबापू आलेत."

"गाडी घेऊन?"

"घेऊन."

बायको हात पुसत बाहेर आली. "आत कोणी नाही ना?"

"रिकामी आहे, वहिनी," धाकट्या बहिणीचा नवरा उंबऱ्यातच बसत म्हणाला. "पण उद्या मीच असेन आत. दादा, मी संपलो."

हा माणूस व्यवसायाने ड्रायव्हर होता आणि स्वभावाने झोपाळू. शाळेच्या बसवर होता, तिथे सिग्नलला डुलकी लागली. पावाच्या गाडीवर होता, तिथे पाव चपटे पोचायचे. शववाहिकेवर मात्र त्याचं बरं चाललं होतं. हळू चालवलं तरी कोणी घाई करत नाही आणि मागचं गिऱ्हाईक तक्रार करत नाही. दुसरीकडे कुठे त्याला कोणी उभं करणार नाही, हे बहिणीने माहेरी येऊन दोनदा रडून सांगितलं होतं.

"काय झालं नीट सांगा."

"स्मशानाच्या फाटकाचा बोल्ट. गाडी मागे घेत होतो. डाव्या अंगाला हा एवढा ओरखडा." त्याने कोपरापासून मनगटापर्यंत दाखवलं. "नवी गाडी, दादा. मालकांनी आधीच सांगून ठेवलंय, या गाडीवर रेघ उठली की तू घरी. रोज सकाळी ते गाडीवरून हात फिरवतात. बोनेटपासून मागच्या दारापर्यंत, घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. त्या हातातून काही सुटत नाही."

"गॅरेजला?"

"मालकांचा मावसभाऊ आहे तो. माझ्या आधी बातमी पोचेल."

कवळीवाले उठले, चष्म्यावर भिंगाची पट्टी चढवली आणि गाडीशी उकिडवे बसले. ओरखडा बारीक होता, पण खोल. "दातातली फट भरतो तसं भरू," ते म्हणाले. "तुम्ही आत पडा जरा."

हे दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. जावई सोफ्यावर कलंडले आणि घोरायच्याही भानगडीत न पडता झोपी गेले.

कवळीवाल्यांनी ओरखड्यात पुट्टीची लांबी भरली, ती वाळू दिली, बारीक पॉलिश पेपरने घासली. डोळे मिटून बोट फिरवलं. काही लागेना. मग बाटलीतला होता नव्हता तेवढा काळा रंग लावला. बाटलीही अंगठ्याएवढीच. ओरखडा नाहीसा झाला. इथे दुसरा कोणीही हात धुऊन चहा प्यायला असता.

पण कवळीवाले मान तिरकी करून बघत राहिले. चपट दिसत होतं. गाडीचा दरवाजा चपटच असतो, हे त्यांना सांगायला कोणी जागं नव्हतं. काळ्यावर नुसता काळा लावणं म्हणजे रंगवणं नव्हे, लपवणं. आणि इतक्या वर्षांची सवय लपवू देईना. ते आत जाऊन रंगांची पाटी घेऊन आले.

दरम्यान समोरच्या शिलाईवाल्या बाईंनी खिडकीतून पाहिलं, तर शेजाऱ्यांच्या दारात शववाहिका, आणि तिच्याजवळ घरचा कर्ता पुरुष खाली मान घालून गुडघ्यांवर बसलेला. त्या पदराने डोळे टिपतच आल्या.

"कोण गेलं हो?"

"कोणी नाही," बायको म्हणाली.

"असं कसं? गाडी उगाच येते?"

"ती आमच्या नणंदेच्या यजमानांची गाडी."

बाईंनी आत डोकावून पाहिलं. नणंदेचे यजमान छातीवर हात बांधून, तोंड उघडं टाकून निश्चल पडले होते. "अरे देवा! या वयात!" म्हणून बाई ज्या गेल्या त्या गल्लीला घेऊनच आल्या. गल्ली गपचूप येऊन सोफ्याभोवती उभी राहिली. कोणीतरी म्हणालं, "माणूस सालस होता हो." दुसरं म्हणालं, "चेहऱ्यावर बघा, त्रास असा झालेलाच नाही." एवढ्यात सालस माणसाने कूस बदलली. शिलाईवाल्या बाईंना बाहेर नेऊन पाणी पाजावं लागलं.

"तुम्ही तोंडाने बोलत का नाही?" शुद्धीवर आल्याबरोबर त्यांनी बायकोला झापलं.

"मी बोलले ना, कोणी नाही म्हणून!"

"असं प्रत्येकच घर म्हणतं सुरुवातीला."

या सगळ्या गोंधळात कवळीवाल्यांनी मान वर केली नाही. ते गंजावर होते.

जावई डोळे चोळत बाहेर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. रस्त्याच्या पलीकडून त्यांनी गाडीकडे पाहिलं आणि तिथेच बसकण मारली. शववाहिकेच्या डाव्या अंगाला एक भयानक जखम झाली होती. पत्रा उसवला होता, त्याचे फाटके ओठ बाहेर वळून चकाकत होते, आत काळोख होता आणि खालच्या टोकातून गंजाचा ओघळ निघाला होता. कोणी राक्षसाने कुऱ्हाड घातली असती तरी इतकं बेतशीर जमलं नसतं.

"दादा! हे काय केलंत?"

"छान उतरलंय ना?" दादा पुटपुटले. मग चार पावलं मागे सरले, भिंग वर केलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "अरे बापरे. ही तर गाडी आहे."

"पुसा! आधी पुसा!"

"वरून व्हार्निश मारलंय. पक्कं."

"मग काळा मारा."

"काळा संपला. आणि आज रंगवाल्याची सुट्टी."

दोघेही फुटपाथवर बसून राहिले. बायकोने चहा आणला. तिने जखमेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "तरी मी म्हणत होते, कपबशाच राहू द्या शोकेसमध्ये," एवढंच बोलून ती आत गेली.

सकाळी कवळीवालेही जावयाबरोबर मालकांकडे गेले. काही झालं तर दोष आपल्या अंगावर घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. मालक छपराखाली उभे होते. बोनेटपासून त्यांनी तळहात फिरवायला सुरुवात केली. पुढचं दार. मधली काच. मग तो हात जखमेवरून रेशमावरून जावा तसा सरकला, फाटक्या ओठांवरून, गंजावरून, आणि मागच्या दाराशी जाऊन थांबला.

"ठीक. निघा. मोठं घर आहे, मीही येतो मागून."

"मालकांचं मन मोठं आहे," गाडीत बसल्यावर जावई कापऱ्या आवाजात म्हणाले.

आपलं काम एवढ्या जवळून कोणी बघावं आणि चकार शब्द काढू नये, याचंच कवळीवाल्यांना वाईट वाटत होतं.

घर अपघाताच्या गाड्यांचं नुकसान ठरवणाऱ्या एका निवृत्त विमा सर्वेअरचं होतं. अंगणभर माणसं होती. थोरला मुलगा पुढे आला, त्याने गाडी पाहिली आणि त्याचं रडणं थांबलं.

"ही गाडी? आमच्या वडिलांना या फाटक्या गाडीतून नेणार?"

"फाटकी?" मागून मालक पोचले. "नवी कोरी आहे. मी स्वतः हात फिरवून पाठवलीय."

"हात कसला फिरवता? डोळे आहेत ना तुम्हाला? माझा आख्खा पंजा जाईल आत!"

"मग घाला पंजा," मालक शांतपणे म्हणाले.

मुलाने रागारागाने पंजा घातला. तो पत्र्यावर आपटला. मुलाने हात मागे घेऊन पाहिला, पुन्हा लावला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "काका, जरा इकडे या."

काका आले. त्यांनी हात लावला. मामी आल्या. सर्वेअरसाहेबांच्या कचेरीतली मंडळी चष्मे सरसावून आली. बघता बघता रांग लागली. प्रत्येक जण पुढे येई, वाकून बघे, तळहात ठेवी, मान हलवून बाजूला होई. आतल्या दर्शनाच्या रांगेपेक्षा ही रांग मोठी झाली. शेवटी सर्वेअरसाहेबांची म्हातारी बहीण काठी टेकत आली आणि नाक लागेल इतकं जवळून बघत राहिली.

"कोणी केलं हे?"

कवळीवाल्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"गंज फार खरा आहे हो," म्हातारी म्हणाली. "आमच्या भावालाही आवडला असता. बोलला नसता तो. त्याने जन्मात कशाला छान म्हटलं नाही."

कवळीवाल्यांचे डोळे भरून आले. शेजारच्या अनोळखी गृहस्थाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मयताशी तुमचं नातं काय, असं विचारलं.

तिकडे मालकांनी ड्रायव्हरला झाडामागे ओढलं होतं.

"खरं सांग. तिथे काही आहे?"

"आहे, मालक."

"मोठं?"

"मोठं."

मालकांनी आवाज खाली आणला. "मला नुसता काळा डाग दिसतो. हल्ली सगळंच तसं दिसतं. माझ्या मुलाला कळलं तर तो उद्या माझ्या खुर्चीत बसेल आणि मला घरी बसवेल."

ड्रायव्हरने कालपासून तयार करून ठेवलेली सगळी कबुली देऊन टाकली. फाटक, बोल्ट, लांबी, दादा. मालकांनी ऐकून घेतलं.

"तुला काढायला हवं," ते म्हणाले.

"हो, मालक."

"पण दुसरा आणला तर तो मुलाला सांगेल. तू असं कर. रोज सकाळी मी हात फिरवीन, तेव्हा शेजारी उभा राहा. काय दिसतं ते हळूच सांगत जा." थोडं पुढे जाऊन ते वळले. "आणि ते जे काही आहे ते आजच घालवा. उद्या दुसरं घर आहे."

बहिणीला फोन झाला. ती आनंदाने रडली. संध्याकाळी रंगवाल्याकडून काळ्या रंगाचा मोठा डबा आला. जावयाने चार बोटं रुंद ब्रश पुढे केला. "हा घ्या दादा, दोन फटक्यांत होईल."

कवळीवाल्यांनी तो घेतला नाही. त्यांनी खिशातून आपला सर्वांत बारीक ब्रश काढला आणि वरच्या टोकापासून सुरुवात केली. आधी चकाकणारे ओठ गेले. मग काळोख काळ्यात बुडाला. गंजाचा ओघळ त्यांनी शेवटपर्यंत राखला होता. तोही थेंबाथेंबाने गेला. आता दरवाजा दरवाज्यासारखा दिसत होता, चपट.

जावई दोन पावलं मागे, टोपी हातात घेऊन, मान खाली घालून उभे होते. तशी त्यांना सवयच होती. काम संपल्यावर त्यांनी पुढे होऊन मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सावरा, दादा. चला, घरी सोडतो."

आणि त्यांनी अतिशय आदराने गाडीचं मागचं दार उघडलं.