एलिझा सिस्टरचं नाक

एलिझा सिस्टर माणसांचा वास घेते. चोरून वगैरे नाही, चांगलं नाक पुढे काढून. नौपाड्यातल्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात अत्यवस्थ पेशंटांची एक वेगळी खोली आहे. तिच्या दारात सिस्टर उभी असते आणि येणाऱ्या प्रत्येकाला हुंगते. "सेंट मारलायस? बाहेर थांब." "कांदा चिरून आलीस ना? हात धू आधी." डॉक्टरही सुटत नाहीत. नवीन शेव्हिंग लोशन लावून आले त्या दिवशी बिचारे आपलेच पेशंट काचेतून बघत होते.

सिस्टर माजिवड्याची, साठीला टेकलेली. पेशंटला सलाईन असो की ऑक्सिजन, तिचं पालुपद एकच, "आधी नाक, मग पोट." आजारी जनावराला वास आला नाही तर ते खात नाही, आणि भलताच वास आला तर घाबरून खात नाही, हे तिचं शास्त्र. नाकावर तिचा जरा जास्तच विश्वास आहे म्हणा. एकदा एका लॅब्रॅडॉरचं तोंड हुंगून तिने त्याची साखर वाढल्याचं जाहीर केलं. रक्त तपासलं तर साखर ठणठणीत. त्याने घरून निघताना आमरसाची वाटी चाटली होती.

आमची मांजर सुपारी तिच्या ताब्यात गेली तेव्हा मात्र हसण्याची वेळ नव्हती. सुपारीने खाणं सोडलं होतं आणि यकृताला सूज आली होती. डॉक्टर म्हणाले, "उद्यापर्यंत तोंडाने खाल्लं नाही तर भूल देऊन मानेतून खाण्याची नळी घालावी लागेल. आणि हिला भूल सोसेल का, ते मला आज सांगता येत नाही."

सिस्टर तिची कूस बदलत होती, ओल्या कापसाने डोळे पुसत होती, हिरड्यांचा रंग बघत होती. सलाईनची नळी कोमट पाण्यातून फिरवलेली, म्हणजे थंडी वाजायला नको. मला म्हणाली, "घरातलं एक कापड आण. न धुतलेलं."

आता आम्ही नौपाड्यातली माणसं. आजाऱ्याला मळकं कापड नेऊन द्यायचं म्हणजे लोक काय म्हणतील? बायकोने कपाटातून ठेवणीतली दुलई काढली, वर इस्त्रीही फिरवली. मी ती पिशवीत घालून ऐटीत घेऊन गेलो.

सिस्टरने पिशवीत नाक घातलं आणि ती दोन पावलं मागे सरली. "डांबरगोळ्या! अरे, तिला लग्नाला जायचंय का? हिला तुमचं कपाट नको, तू पाहिजेस." मग माझ्या खांद्याशी नाक आणून म्हणाली, "घाम आहे, चांगलंय. बनियन काढ."

"इथे?"

"मग काय, खोपटच्या एसटी डेपोत जाऊन काढतोस?"

मी कोपऱ्यात तोंड करून बनियन काढला आणि उघड्या अंगावर शर्ट चढवला. सिस्टरने बनियन सुपारीच्या तोंडापाशी ठेवला, पिंजऱ्यावर अर्धा पडदा ओढला आणि खाण्याची वाटी तळहातात धरून ऊब देत बसली. बऱ्याच वेळाने सुपारीने बनियनमध्ये तोंड खुपसलं. आणखी थोड्या वेळाने सिस्टरचं बोट चाटलं. मी रडलो. सिस्टर म्हणाली, "रड, पण आवाज करू नको."

तेव्हा माझं लक्ष पलीकडच्या पिंजऱ्याकडे गेलं. खोपटला बसखाली आलेला एक गावठी कुत्रा मागचा पाय प्लास्टरमध्ये घालून पडला होता. त्याच्याखाली मरून रंगाचा बायकी स्वेटर होता.

"याचं कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही. म्हणून माझा स्वेटर घातला. याला घरचा वास कुठून आणू?"

मानेतून नळी घालावी लागलीच नाही. सुपारीला घरी न्यायच्या दिवशी मी लवकर पोचलो. सिस्टर अजून आली नव्हती. तो कुत्रा डोळे मिटून पडला होता. एकाएकी त्याने नाक वर केलं आणि शेपटी पिंजऱ्याच्या गजांवर आपटायला लागला. बाहेर कोणीच दिसत नव्हतं. जरा वेळाने दार उघडून एलिझा सिस्टर आत आली.

मी म्हटलं, "सिस्टर, तुम्ही दिसायच्या आधीच याला कळलं."

त्या दिवशी तिने मला हुंगलं नाही. पर्स हातात तशीच धरून उभी राहिली.

"खरंच?"

"अहो, आत्ता बघितलं मी."

"आई गेल्यापासून," ती म्हणाली, "मी घरी आलेली कोणाला कळतच नाही रे. मीच लाइट लावायची, मीच बंद करायची."

मग ती त्या पिंजऱ्यापाशी खाली बसली आणि प्लास्टर चाचपत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "परत सांग. आधी नाक वर केलं, की आधी शेपटी?"

मी परत सांगितलं.