इंगोले मास्तरांचा टेकू

आमच्या गावात सकाळी कोणी भेटलं की विचारायचं, "चहा झाला का?" इंगोले मास्तर विचारायचे, "टेकू कुठं आहे?"

कशाचा टेकू, ते समोरच्यानं ओळखायचं. न्हावी केस कापत असेल तर कात्रीचा, सोनार बसला असेल तर चिमट्याचा, आणि तुम्ही नुसतेच पिशवी घेऊन उभे असाल तर तुमच्या कोपराचा. उत्तर येईपर्यंत मास्तर हलत नसत. त्यामुळे गावातली निम्मी माणसं त्यांना पाहून गल्ली बदलत आणि उरलेली निम्मी त्यांना 'टेकू मास्तर' म्हणत.

मी बोरी अरबच्या शाळेत मराठी शिकवायला आलो, तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेल्याला फार दिवस झाले नव्हते. शाळेत अजून जुन्याच राज्याचा नकाशा लटकत होता. विज्ञानाचं सामान म्हणजे एक काचेची नळी, तीही तडकलेली. इंगोले मास्तर विज्ञान शिकवत. बुटके, वाळलेले गृहस्थ. सुपारी खात नसत, तरी कोटाच्या खिशात अडकित्ता असे.

"नळीवाचून बाकीचं अडते, तरफेचं काहून अडन?" ते म्हणत. "एक दांडा, एक टेकू. इकडं भार, तिकडं जोर. गरिबाचं यंत्र हाय हे, काळे सर. सरकारले मागा लागत नाही."

अडकित्ता काढून ते दाखवत: टेकू या टोकाला, सुपारी मधे, जोर त्या टोकाला. म्हणून कडक सुपारी दोन बोटांनी फुटते. चिमट्यात मात्र जोर मधे लावायचा, त्यामुळे तो जास्तच लागतो. "मग चिमट्याचा फायदा काय?" मी एकदा विचारलं. मास्तर माझ्याकडं दयेनं पाहत म्हणाले, "हात भाजत नाही."

आमचे हेडमास्तर अंगानं चांगले भरभक्कम. एकदा मास्तरांनी त्यांना मोठ्या आदरानं पटांगणात बोलावलं. ओंडक्यावर एक लांब फळी ठेवली होती. ओंडका एका टोकाच्या अगदी जवळ. आखूड बाजूवर हेडमास्तरांना बसवलं आणि पार लांबच्या टोकावर आठवीतली सगळ्यांत हडकुळी मुलगी. मुलगी बसली आणि हेडमास्तर खरोखरच वर गेले. वीतभरच, पण गेले. सगळी शाळा टाळ्या पिटू लागली. मास्तरांनी हात वर करून टाळ्या थांबवल्या, कारण त्यांना नियम सांगायचा होता.

"भार टेकूच्या जवळ, जोर टेकूपासून दूर. पण नीट पाहा. साहेब वीतभर चढले अन् पोरगी केवढी खाली आली. जोर वाचवला, त्याच्या बदल्यात अंतर द्या लागलं. फुकट काहीच भेटत नाही."

नियम पुरा होतो न होतो तोच फळी मोडली. पुढं तरफेचा धडा फक्त फळ्यावर, खडूनं शिकवावा, असा लेखी हुकूम निघाला.

मग मास्तर गावाला शिकवू लागले. बाजाराच्या दिवशी तांड्यावरच्या हरसिंगची बैलगाडी चिखलात रुतली. चार माणसं चाकाला लागली होती, अजून दोघं लागले असते तर निघाली असती. पण मास्तर आडवे आले. त्यांनी सगळ्यांना दूर केलं, कुठून तरी सागाचा दांडा आणवला, खाली धोंडा ठेवला आणि स्वतः दांड्याच्या टोकावर लोंबकळले. चाक उचललं गेलं, धोंडा चिखलात सरकला आणि गाडी दुसऱ्या अंगाला उलटली. सरकीची पोती पाण्यात.

हरसिंगनं एक पोतं ओढून बाहेर काढलं. मग शांतपणे म्हणाला, "मास्तर, गाडी पह्यले बी फसलीच होती. पण उभी तं होती."

"टेकू सरकला," मास्तर म्हणाले.

जगात जे जे बिघडतं, त्याचं त्यांच्याकडं एवढंच कारण होतं. एसटी आली नाही, टेकू सरकला. पाऊस लांबला, टेकू सरकला. लोक हसत. मीही हसत असे.

आमची घरं भिंतीला भिंत लागून होती, पण त्यांनी कधी मला 'या' म्हटलं नाही. कोणालाच म्हणत नसत. मधली सुट्टी झाली की ते धोतर सावरत घरी पळत आणि घामानं भिजून परत येत. माझी बायको सुशीला सांगायची, "रोज दुपारी त्यांच्या घरातून करकर असा आवाज येतो." गावात बोललं जाई की मास्तर घरात चोरून तेलघाणी चालवतात. त्यांची बायको आजारी असते, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. किती आजारी, ते कोणी विचारलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी भिंतीपलीकडून हाक आली. "काळे सर, जरा येता काय? टेकू सरकला."

आवाज नेहमीचा नव्हता. मी आणि सुशीला दोघंही धावलो.

आत आढ्याला दोरखंडानं एक लांब दांडा आडवा टांगलेला होता. त्याच्या आखूड बाजूला नवारीच्या पट्ट्यांची झोळी, लांब टोकाला दगड भरलेलं पोतं. झोळीत मास्तरांची बायको, गिरजाबाई. दोरखंड घसरून दांडा तिरपा झाला होता आणि ती बाई खाट आणि खुर्चीच्या मधे अधांतरी लोंबत होती. मास्तरांनी खालून तिला खांदा दिला होता.

"या भौ," गिरजाबाई वरूनच म्हणाली. "बसा म्हणलं असतं, पण घरात खुर्ची एकच हाय, अन् मले अजून तिथवर पोचाचं हाय."

आम्ही तिघांनी मिळून तिला खुर्चीत उतरवलं. मास्तर भिंतीला पाठ टेकून खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग हळूहळू त्यांनी सांगितलं.

मी गावात यायच्या आधीच तिला लकवा मारला होता. कमरेखालचं सगळं गेलं. यवतमाळचा डॉक्टर म्हणाला, बरी होणार नाही. एका कुशीवर ठेवू नका, रोज उठवून बसवा, नाही तर पाठ सडेल. बाई अंगानं मास्तरांच्या दीडपट. पहिल्या दिवशी ते उचलायला गेले आणि दोघंही जमिनीवर पडले. अख्खी दुपार तशीच पडून होती. मूलबाळ नाही, आणि शेजाऱ्याला हाक मारावी तर तिच्या विस्कटल्या लुगड्याची लाज.

"मंग मी पुस्तक काढलं," मास्तर म्हणाले. "दुसरं काय येते मले?"

तेव्हापासून रोज दुपारी ते तिला खाटेवरून उचलत, दांडा फिरवत आणि दाराजवळच्या खुर्चीत बसवत. तिथून तिला गल्ली दिसे. शेळ्या दिसत, बाजाराला जाणाऱ्या बाया दिसत. शाळेची घंटा व्हायच्या आत पुन्हा खाटेवर.

त्या दिवसानंतर सुशीला रोज तिकडं जाऊ लागली. गिरजाबाई बोलकी होती. "तुहे भाऊजी मले कापसाचं गाठोडं समजतात," ती सुशीलेला सांगायची. "झोळीत टाकतात अन् इचारतात, टेकू कुठं हाय. म्या म्हणलं, माह्या कर्मात." आणि दोघी हसत. मास्तर ओशाळून दोरखंडाला तेल लावत बसत.

पावसाळा सरला, थंडी आली. सुशीला एके दिवशी घरी येऊन चुलीपुढं नुसतीच बसली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मास्तर पोत्यातले दगड काढतात."

"कशाला?"

"ती हलकी झाली आहे. पहिल्याइतके दगड ठेवले तर झोळी एकदम वर उडते. ते तिच्या पाठीमागं उभे राहून काढतात, तिला दिसू नये म्हणून. पण तिला कळतं. मला म्हणाली, काल पुन्हा एक काढला, पण तू त्यायले सांगू नको मले माहीत हाय म्हणून."

शाळेत मास्तर तरफेचा धडा फळ्यावर शिकवत होते. भार कमी झाला की जोर कमी लागतो, हे वाक्य पुस्तकात होतं म्हणून त्यांना सांगावंच लागे. ते सांगताना मी त्यांना दारातून पाहिलं. ते फळ्याकडं तोंड करून सांगत होते.

डॉक्टर पुन्हा आले, औषध बदललं. काही उपयोग झाला नाही. बाईला गिळवेनासं झालं होतं. उन्हाळा लागता लागता मास्तरांनी दांडा आढ्यावरून सोडून ठेवला. आता ते तिला दोन हातांवर उचलून दारात आणत. ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून असे. गल्लीतले लोक पाहत, पण आता तिला त्याचं काही वाटत नव्हतं आणि मास्तरांनाही. ती एकदाच सुशीलेला म्हणाली, "लगनात बी यायनं मले असं उचललं नोतं." नंतर तिचं बोलणंही गेलं.

भर उन्हाळ्यात एका सकाळी ती वारली.

नातेवाईक कोणी यायचे नव्हते. शाळेतले आम्ही, गल्लीतले चार लोक, आणि कोणी न बोलावता तांड्यावरून हरसिंग आला. नदीकडं जाताना मीही खांदा दिला. ऊन तापलं होतं, पण कुठं थांबावं लागलं नाही.

अग्नी दिल्यावर सगळे बाभळीखाली बसले. काही तरी बोललं पाहिजे म्हणून गल्लीतला दुकानदार म्हणाला, "माय पुण्यवान. खांद्याले जड नाही लागली, फुलावानी हलकी."

मास्तरांनी मान वर केली.

"हलकी नोती ती," ते म्हणाले. "तुमी पाह्यलं नाही तिले. लय वजन होतं तिचं. मले एकट्याले उचलवत नोती."