पडदा हसला तेव्हा

"उद्या हॉल भरला नाही, तर नाव बदलीन!" मास्तरांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

वेळच तशी आली होती. दर महिन्याला मास्तर सार्वजनिक हॉलमध्ये अन्यायाविरुद्धचे माहितीपट फुकट दाखवायचे. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण हे पौष्टिक कुणाला पचत नव्हतं. मागच्या खेळाला एकच आजोबा आले, तेही झोपायला. शेवटी हॉल-समितीच्या अध्यक्षांनी बजावलं, "पुन्हा खुर्च्या रिकाम्या दिसल्या, तर हॉल व्यायामवर्गाला!"

म्हणून मास्तरांनी या वेळी स्वतःच माहितीपट काढला. विषय, हा हॉल झाडणाऱ्या बायका. नायिका, त्यांतली थोरली मावशी. खेळाच्या दुपारी याच बायकांनी खुर्च्या पुसून मांडल्या. मावशी जरा टेकली, तर मास्तर खेकसले, "उठा! पाहुण्यांच्या आहेत!"

संध्याकाळी चक्क निम्मा हॉल भरला! आपण कुठे दिसतोय का, हे बघायला लोक आले होते. दिवे मालवले. टांगलेल्या चादरीवर मावशी झाडू मारू लागली.

आणि कुणीतरी खुदकन हसलं.

मास्तरांनी वळून डोळे वटारले. सगळे गंभीर! पुन्हा हसू आलं, आता चार-पाच गळ्यांतून. थेट पडद्यातून! पंखे बंद होते, तरी चादर हळूहळू फुगत होती, ओसरत होती. मास्तरांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"हे... हे कोण हसतंय?" शेजारी बसलेले अध्यक्ष कुजबुजले.

"स्पीकर जुना आहे," मास्तर म्हणाले.

पडद्यावरची मावशी आता सरळ सगळ्यांकडे बघत म्हणाली, "आम्हाला इथं काही त्रास नाही. मास्तर फार मानानं वागवतात."

तिने ओठ मिटले. आणि मिटल्या ओठांनी, त्याच आवाजात ती म्हणाली, "खोटं!"

मग मागच्या रांगेतून किंकाळी आली, "पाय! चादरीखाली पाय!"

खरंच, चादरीच्या खाली अनवाणी पायांची अख्खी रांग होती. एकच पळापळ! सर्वांत आधी दार गाठलं अध्यक्षांनी. तो वेग बघता व्यायामवर्गाची त्यांना तरी गरज नव्हती.

मास्तर पळाले नाहीत, कारण पायच उचलेनात. चादर बाजूला झाली. मागे जमिनीवर पाय पसरून मावशी आणि तिच्या मैत्रिणी बसल्या होत्या.

"अहो, इथं काय करताय?"

"पिच्चर बघतोय. खुर्च्या पाहुण्यांच्या ना?"

"मग हसायला काय झालं?"

"मागून सगळं उलटं दिसतं हो. मी डाव्या हातानं झाडतेय! आणि ते मानाबिनाचं तुम्हीच पढवलेलं. ऐकलं आणि तोंडातून 'खोटं' निघून गेलं."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हॉल गेलाच, असं धरून ते घरी गेले.

पण बोभाटा झाला, आणि पुढच्या महिन्यात झपाटलेला पडदा बघायला ही गर्दी लोटली! अध्यक्षही आले, फक्त दाराजवळची खुर्ची धरून बसले. मास्तर धावत मावशीकडे गेले. "मावशी, आजचा दिवस मागे बसा. लोक भुतासाठी आलेत!"

"छे! आज आम्ही पाहुण्या," पहिल्या रांगेत ऐसपैस बसत मावशी म्हणाली. "भूत तुम्ही व्हा."

दिवे गेले. मास्तर चपला काढून, निमूटपणे पडद्यामागे जमिनीवर बसले. समोर अक्षरं उमटली, दिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव.

हॉल खचाखच भरला होता. तरी नाव उलटंच दिसत होतं.

"मास्तर," पुढून मावशी ओरडली, "जरा मोठ्यानं हसा! शेवटच्या रांगेला ऐकू येत नाही!"