झुकिनी कोरडी पुसून घ्यावी

शुक्रवारी संध्याकाळी मी दोन ओळी कापल्या. बस, एवढंच केलं.

झालं असं, की एका गादीवाल्यानं ऐन वेळी आपली जाहिरात बोटभर उंच करून मागितली आणि आमच्या वर्तमानपत्राच्या 'घरसंसार' पानावरची कुरकुरीत झुकिनीची पाककृती दोन ओळींनी खाली लोंबायला लागली. 'चकत्यांना मीठ लावून अर्धा तास ठेवा' हे हवंच होतं. पण पुढचं 'सुटलेलं पाणी काढून प्रत्येक चकती फडक्यानं कोरडी पुसा' मला उगाच वाटलं. (पुसायला ती काय चष्म्याची काच आहे?) उडवलं, पान छापायला सोडलं आणि घरी आलो.

इथे एक कबुली द्यायला हवी. घरी सगळ्यांना वाटतं, की मी जागतिक घडामोडींचं पान बघतो. बघत होतो. दोन महिन्यांपूर्वी माझ्या हातून दोन देशांच्या पंतप्रधानांच्या फोटोंची अदलाबदल झाली आणि संपादकांनी मला झुकिनीवर आणलं. बायकोला सांगायचं राहून गेलं. (रोज राहून जातं.)

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात गेलो, तर बायको आमचा पेपर डब्याला टेकवून उभी. समोर ताटात पिवळ्या झुकिनीच्या चकत्या.

"ताई येतेय जेवायला," ती म्हणाली. "या वेळी तिला नावं ठेवायला जागाच ठेवणार नाही."

ताई म्हणजे तिची मोठी बहीण. वीस वर्षं त्या आमच्याकडे जेवतात आणि वीस वर्षं "छान झालंय, फक्त..." असं म्हणतात. त्या 'फक्त'नंतर बायको दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. (माझ्याशी का, हे विचारायची हिंमत अजून झालेली नाही.)

मी ताटात डोकावलो. चकत्या चक्क पोहत होत्या.

"अगं, या पुसायला नकोत का?"

"तसं लिहिलंय का?"

"नाही, पण छापताना एखादी ओळ..."

"अहो, तुमचाच पेपर ना? असा कसा कुणी ओळ गाळेल? तुम्ही जा, तुमची युद्धं बघा."

खरं सांगून टाकलं असतं तर दोन मिनिटांत सुटलो असतो. तोंड उघडलंही होतं. पण 'युद्धं' म्हणताना तिच्या आवाजात जो अभिमान होता, तो ऐकून परत मिटलं. ओल्या चकत्यांवर मैद्याचा चिखल होणार, ब्रेडचा चुरा तेलात सुटणार आणि ताई 'फक्त' म्हणणार, हे मला लख्ख दिसत होतं.

"दहा मिनिटांत अंघोळ करून येते. ताटाला हात लावू नका," असं म्हणून ती गेली.

मी ताट उचलून बेडरूममध्ये पळालो. टॉवेलनं पुसायला लागलो, पण चकत्या होत्या साठ! बाराव्या चकतीलाच टॉवेल पिळायची वेळ आली. शेवटी ड्रेसिंग टेबलावरचा हेअर ड्रायर घेतला आणि फुल सोडला. पहिल्याच झोतात तीन चकत्या उडाल्या. एक आरशाला जाऊन चिकटली. एका हातानं दाबत दुसऱ्या हातानं वाळवत कसाबसा शेवटच्या चकतीपर्यंत पोचलो, तोच बेडरूमचं दार ढकलून ताई आत आल्या. (बाहेरचं दार सकाळपासून उघडंच होतं.) पर्स ठेवायला.

"हे काय चाललंय?"

मी पाठीनं ताट झाकलं. "केस वाळवतोय."

ताईंनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. (तिथे गेली आठ वर्षं पाहण्यासारखं काही नाही.) मग पर्स छातीशी धरून त्या आल्या पावली बाहेर गेल्या.

बाथरूमची कडी वाजली तेव्हा ताट पुन्हा ओट्यावर होतं.

"बघितलंत?" बायको म्हणाली. "पाणी आपोआप जिरलं. म्हणूनच पाककृतीवाल्या बाईंनी पुसायचं लिहिलं नव्हतं."

चकत्या मैद्यात, अंड्यात, चुऱ्यात घोळून तेलात पडल्या. मी देवाचं नाव घेतलं. चुरा सुटला नाही. ताईंनी पहिली चकती खाल्ली, कुर्रकन आवाज आला. मी 'फक्त'ची वाट बघत राहिलो. ताईंनी दुसरी घेतली, मग पाचवी, मग मी मोजणं सोडलं. शेवटी म्हणाल्या, "ते कात्रण मला दे गं." बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू?

सोमवारपासून ऑफिसात फोन सुरू झाले. घरोघरी चिखल तळला गेला होता. पुढच्या शनिवारी मी मुकाट्यानं चूकदुरुस्ती छापली. बायकोनं ती वाचली आणि कागद-पेन घेऊन बसली. पत्र कुणाला, हे विचारायच्या ऐवजी मी पिशवी घेऊन भाजी आणायला निघालो.

मंगळवारी संपादकांनी ते पत्र माझ्यापुढे ठेवलं. 'मी एकही चकती पुसली नाही, तरी उत्तम झाल्या. माझी बहीण साक्षीला आहे. स्वयंपाकातलं ओ की ठो न कळणाऱ्या या चूकदुरुस्तीवाल्या गृहस्थांना कृपया त्या पानावरून काढावं. अचूकपणा त्यांनी माझ्या पतींकडून शिकावा. ते तुमच्याकडेच जागतिक घडामोडी बघतात.'

"या बाईंची पहिली मागणी मान्य आहे," संपादक म्हणाले.

सध्या मी राशिभविष्य बघतो. बायकोचा छापलेल्यावर भलता विश्वास, म्हणून पहिल्याच दिवशी माझ्या राशीला लिहिलं, 'घरात तुमचाच शब्द चालेल, जोडीदारानं निमूट ऐकावं.' तिचीही रास तीच आहे, हे पेपर हातात घेऊन ती माझ्याकडे बघायला लागली तेव्हा आठवलं.